आवासच्या अलीकडचे सासवणे



इस्रायलहून भारतात जाणारी आपली माणसे अलिबागला जातात तेव्हा त्यांची फेरी साधारण ठरलेली असते. गेटवेवरून लाँच किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घ्यायची, मांडव्याला उतरायचे, गाडी करायची आणि सरळ अलिबाग गाठायचे. इस्रायल आळीतले मागेन अबोथ सिनेगॉग, मग नवगावचे जुने कब्रस्तान आणि तिथला स्मारकस्तंभ, सागावच्या खडकावर एलियाहू हनबीच्या रथाची खूण, वेळ उरला तर रेवदंडा. संध्याकाळच्या लाँचने परत. आम्हीही दोनदा हेच केले. तिसऱ्या खेपेला मात्र वाटेत थांबलो, म्हणून हा लेख.

मांडवा सोडल्यावर थोड्याच वेळात सासवणे लागते. पुढे आवास, त्याच्यापुढे किहीम, मग थळ आणि अलिबाग. आवासकर, किहीमकर, थळकर ही आडनावे आज अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेवा इथल्या दारांवर हिब्रू अक्षरांत लिहिलेली दिसतात. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या घराण्याचे नाव याच पट्ट्यातले. म्हणजे सासवणे हे काही परके गाव नाही. आवासकरांच्या पूर्वजांनी तिथे पायी जाऊन तेल विकले असेल, आणि शनिवारी घाणा का बंद हे तिथल्या लोकांना वेगळे सांगावे लागले नसेल. या सासवण्यात २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. पुढे लोक त्यांना नानासाहेब म्हणत. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला. त्यांचे घर आजही रस्त्याला लागून आहे आणि त्यात त्यांच्या हातची शिल्पे मांडून ठेवलेली आहेत.

आता कोणी म्हणेल, यहुदी समाजाच्या इतिहासात पुतळे घडवणाऱ्याचे काय काम? हा प्रश्न आमच्याच घरात निघाला, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

दहा आज्ञांमधली दुसरी आज्ञा आपल्याला पाठ असते. त्यातला हिब्रू शब्द आहे ‘पेसेल’. इथे चौकात उभ्या असलेल्या कोणत्याही पुतळ्यालाही पेसेलच म्हणतात आणि तो करणाऱ्याला पसाल. ज्याची पूजा करू नये ते आणि नगरपालिका ज्याची धूळ पुसते ते, दोन्हींना एकच शब्द. मराठीत तसे नाही. मराठीने फार पूर्वीच दोन खाने केले: पूजेची ती मूर्ती, आठवणीसाठी उभा केलेला तो पुतळा. मूर्तीची प्रतिष्ठापना होते, पुतळ्याचे अनावरण होते. मूर्ती विसर्जित करतात, पुतळ्याला हार घालतात. मराठी बोलणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना हा फरक कोणी रब्बीने शिकवला नव्हता, भाषेनेच शिकवला. आमची आजी गणपतीच्या दिवसांत शेजारच्या कारखान्यात आम्हाला मूर्ती रंगवताना बघायला पाठवायची. सांगायची एवढेच, की हाताचे कौतुक करा, हात जोडू नका.

करमरकरांचा प्रवास या दोन शब्दांमधलाच आहे. घरी मातीच्या गणपतीच्या मूर्ती होत. आपल्या कुलाबा जिल्ह्यातले पेण तर मूर्तींसाठी सगळीकडे नावाजलेले. पण पेणच काय, त्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत माती मळायची, पाट मांडायचा आणि गणपती करायचा हे पावसाळ्यातले नेहमीचे काम होते. असा मुलगा शाळेत काय शिकतो हे दुय्यम. माती किती ओली हवी, कोरडी पडली की कुठे तडकते, सोंडेचा भार कशावर पेलायचा, हे त्याला बोटांनी कळलेले असते. त्याला कोणी ‘शिल्पकला’ म्हणून नाव दिलेले नसते, इतकेच.

मग एक दिवस कलेक्टर आला. ही गोष्ट करमरकरांविषयी लिहिणारे सगळे सांगतात. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पाहिले, कोणी काढले म्हणून चौकशी केली, आणि त्या मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. गोष्ट खरी आहे, रॉथफेल्ड साहेबांचे ऋण मोठे आहे. पण ती ज्या पद्धतीने सांगितली जाते ती आम्हाला खटकते. साहेबाने हिरा शोधला, असे म्हणतात. साहेब येण्याआधी तो मुलगा चित्रे काढत होता, माती घडवत होता, आणि घरच्यांनी, गावाने ते करू दिले होते. देवळाची भिंत एका पोराला रंगवायला मिळते ती गावाच्या मर्जीशिवाय मिळत नाही. कलेक्टर एक दिवस आला. भिंत आधीपासून होती.

आम्ही डिप्लोमावाल्या नर्स. तीन वर्षे वॉर्डात उभे राहून शिकलो. पहिल्या वर्षी आम्हाला खरे शिकवले ते सिस्टरपेक्षा जुन्या आयाबाईंनी. पेशंटला कूस कशी बदलून द्यायची, चादर त्याला न उठवता कशी घालायची, म्हातारीला औषध कसे पटवून पाजायचे. त्यांच्याजवळ कागद नव्हता. नंतर इस्रायलमध्ये आल्यावर परवान्याची परीक्षा हिब्रूत द्यावी लागली, तेव्हा कागदाची किंमतही कळली. त्यामुळे शिकलेला आणि स्वतः शिकलेला यांच्यात कोण मोठा, या वादात आम्ही सहसा पडत नाही. पण करमरकरांच्या बाबतीत हे नोंदवावेसे वाटते की जे. जे.ने त्यांना मेयो पदक दिले ते हात आधीच तयार झालेले असताना. शाळेने त्या हातांना शरीरशास्त्र दिले, मापे दिली आणि प्लास्टर दिले.

प्लास्टरबद्दल दोन शब्द लिहू द्या, कारण इथे आमचा धंदा आणि त्यांचा धंदा एकमेकांना भेटतात. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेले जिप्सम. पाणी मिळाले की ते पुन्हा दगड व्हायला बघते आणि होताना गरम होते. हाड मोडलेल्या माणसाला आम्ही आधीच सांगायचो, थोडे ऊन लागेल, घाबरू नका. पट्टी पाण्यात बुडवली की बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. हातावर चढवताना बोटांनी दाबायचे नाही, तळव्याने चेपायचे, नाहीतर बोटांचे खड्डे उमटतात आणि आत कातडीला टोचतात. शिल्पकार हेच उलटे करतो. तो आधी लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर मातीचा पुतळा उभा करतो. त्यावर प्लास्टर चढवून साचा घेतो, आतली माती काढून टाकतो, साच्याला आतून साबण किंवा तेल लावतो म्हणजे नवे प्लास्टर चिकटणार नाही, आणि मग त्यात प्लास्टर ओततो. शेवटी बाहेरचा साचा छिन्नीने हळूहळू फोडून काढायचा. आम्ही सहा आठवड्यांनी हात मोकळा करायचो तसेच, फक्त आतला हात कधी हलत नाही. मूळ मातीचा पुतळा या सगळ्यात नाहीसा होतो. ज्यावर महिनोन्‌महिने बोटे फिरली ते शेवटी घमेल्यात जाते.

जे. जे.नंतर करमरकर कलकत्त्याला गेले. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांनी प्रोत्साहन दिले आणि १९१६ पासून त्यांचा तिकडे स्टुडिओ सुरू झाला. १९२० च्या सुमारास लंडन, तिथली रॉयल अकॅडमी, आणि युरोपातली ओतशाळांची कामे बघणे. या वर्षांबद्दल फार लिहीत नाही, कारण ती पुढच्या एका कामाची तयारी होती.

ते काम समजायचे तर आधी मुंबईतला दुसरा एक घोडा बघावा लागतो, आणि त्या घोड्याशी आपल्या धर्मबंधूंचा थेट संबंध आहे.

मुंबईत राहिलेल्या प्रत्येकाला काळा घोडा माहीत आहे. सातवा एडवर्ड युवराज असतानाचा तो अश्वारूढ पुतळा अल्बर्ट सासून यांनी शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. करणारा जोसेफ एडगर बोह्म, जन्माने व्हिएन्नाचा, काम लंडनला. सासून मंडळी बगदादी. आपल्याशी त्यांचे कसे जमत होते ते वेगळे प्रकरण आहे आणि फार गोड नाही. पण दातृत्व मान्य करायला हवे. त्याच घराण्यातल्या डेव्हिड सासून यांनी दिलेला प्रिन्स अल्बर्टचा पुतळा भायखळ्याच्या संग्रहालयात आहे, आणि खुद्द डेव्हिड सासून यांचा, थॉमस वूलनरने केलेला, त्यांच्या नावाच्या लायब्ररीत. हे सगळे पुतळे बाहेरून घडून आले. त्या काळी मुंबईत पैसा इथला, जागा इथली, माती आणि हात मात्र विलायतेचे, असा रिवाज होता. मोठा पुतळा इथला माणूस करू शकेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थी असतानाच ‘मंदिरपथगामिनी’ केली तेव्हा पहिल्यांदा लोकांनी डोळे वर करून पाहिले.

स्वातंत्र्यानंतर, १९६५ मध्ये, काळा घोडा त्याच्या जागेवरून उचलून राणीच्या बागेत ठेवला गेला. आग्रीपाड्याला, भायखळ्याला वाढलेल्या आपल्या मुलांनी तो तिथेच पाहिला, हत्ती आणि माकडांच्या वाटेवर. जागेचे नाव मात्र गेले नाही, आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा एक काळा घोडा उभा केला, या वेळी स्वाराशिवाय. आम्हाला ही कल्पना आवडली.

आता पुण्याचा घोडा. शिवाजी महाराजांचे स्मारक व्हावे म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेतला. पायाभरणी नोव्हेंबर १९२१ मध्ये झाली आणि ती कोणाच्या हस्ते, तर प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे काळ्या घोड्यावर बसलेल्या त्या एडवर्डच्या नातवाच्या. देशात त्या दौऱ्यावर बहिष्कार चालला होता. महाराजांचे स्मारक आणि पायाभरणी इंग्रज युवराजाच्या हस्ते, हे अनेकांना आवडले नाही, आणि आम्हालाही आवडत नाही. पण संस्थानिकांचा हिशेब वेगळा असतो. स्मारक उभे तर राहू दे, असा.

ते लवकर उभे राहिले नाही. पुतळ्याचे काम आधी म्हात्रे यांच्याकडे होते. १९२२ मध्ये शाहू महाराज वारले. पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी लक्ष घातले, तेही १९२५ मध्ये गेले. जबाबदारी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्यावर आली. पायाचा दगड बसून वर्षे लोटली आणि वर काही नाही, अशी स्थिती. अशा वेळी काम करमरकरांकडे आले. वेळ अगदी थोडा आणि आकार असा की हिंदुस्थानात तोवर तसे काम झालेले नव्हते: उंची सुमारे साडेतेरा फूट, वजन सुमारे आठ टन.

माणूस उभा करणे निराळे आणि घोड्यावर बसलेला माणूस उभा करणे निराळे. माणसाचा पुतळा जाड अंगरख्यात, शालीत, पायघोळात लपवता येतो. भार खालपर्यंत सरळ उतरतो. घोड्याचे तसे नाही. एवढे मोठे धड, त्यावर स्वार, आणि खाली चार काटकुळे पाय. एक पाय उचललेला दाखवायचा तर भार तिघांवर. मातीत हे सांगाड्याच्या जोरावर निभावते, पण धातूत ओतताना सगळे पुन्हा सोडवावे लागते. बाहेर साचा, आत गाभा, दोहोंच्या मध्ये बोटभर पोकळी, आणि त्या पोकळीत हजार अंशांच्या आसपास तापलेला तांबे-कथलाचा रस. साच्यात कुठे ओल राहिली तर तिची वाफ होते, आणि वाफेला बाहेर जायला वाट नसेल तर ती साचा फोडून वाट काढते. भाजलेले पेशंट ज्यांनी सांभाळले आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ अधिक सांगायला नको. ओतकाम म्हणजे काही तासांचा खेळ, आणि त्यात चूक दुरुस्त करायची सोय नाही. वर्षाचे काम असते, ते एका रात्रीत होते किंवा जाते.

हे ओतकाम मुंबईत माझगावला झाले. माझगाव म्हटल्यावर आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर काय येईल ते ठाऊक आहे: किहीमकरांनी १८७५ मध्ये काढलेली इस्राएलाइट स्कूल, पुढची सर एली कदूरी शाळा. त्याच माझगावात डॉक, भट्ट्या, लोहारकाम, सुतारकाम, आणि त्या कामांवर जाणारी आपली कितीतरी माणसे. तिथे किहीमच्या शेजारच्या गावचा माणूस हिंदुस्थानातला एवढा मोठा घोडा ओतत होता. विलायतेहून पेटीत बंद होऊन आलेल्या घोड्याला पन्नास वर्षेही झाली नव्हती. पुतळ्याच्या चौथऱ्यावर देणाऱ्याचे नाव असते, उद्घाटकाचे असते, कधी शिल्पकाराचे असते. भट्टीजवळ उभ्या असलेल्यांचे नसते. हॉस्पिटलच्या कोनशिलेवर तरी कुठल्या वॉर्डबॉयचे नाव असते म्हणा.

माझगावहून तो रेल्वेने घाट चढून पुण्याला गेला. खंडाळ्याचे बोगदे ज्यांनी डेक्कन क्वीनमधून पाहिले आहेत त्यांनी मनातल्या मनात साडेतेरा फूट मोजून पाहावे. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झाले. पायाभरणीला इंग्रज, अनावरणाला इंग्रज. मधली सगळी मेहनत मात्र सासवण्याची, माझगावची, कोल्हापूरची. पुतळा पुण्यात शिवाजीनगरला, प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. काळा घोडा हलला, हा हलला नाही.

देवळाच्या भिंतीवरचे चित्रही शिवाजी महाराजांचेच होते, हे विसरून चालणार नाही. तो विषय त्यांना पुण्याच्या कमिटीने दिला नव्हता.

करमरकरांना शेवटी शाळा मिळाली. ज्याला ती मिळालीच नाही त्याचीही ओळख इथेच करून देतो, कारण आपल्यातल्या प्रत्येकाने त्याचे काम पाहिलेले आहे आणि नाव क्वचित कोणाला माहीत असते. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा कोणी केला? रघुनाथ कृष्ण फडके यांनी. जन्म वसईचा, २७ जानेवारी १८८४. कोणत्याही कलाशाळेत ते शिकले नाहीत. बघून, करून, मोडून, पुन्हा करून शिकले. ‘प्रवचन’ नावाचे त्यांचे शिल्प गाजले. पुढे धारच्या पवार महाराजांनी त्यांना बोलावून घेतले आणि वसईचा हा माणूस माळव्यात कायमचा राहिला. तिथला फडके स्टुडिओ लोक अजून बघायला जातात. १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७२ मध्ये ते वारले.

१ ऑगस्ट १९२० रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले आणि चौपाटीच्या वाळूवर त्यांना अग्नी दिला. समुद्रकिनारा ही काही स्मशानाची जागा नव्हे, पण गर्दीच एवढी लोटली होती की दुसरी जागा पुरली नसती. पुतळा त्या जागेवर आहे. आपल्या समाजात त्या काळी दोन मते होती. सरकारी नोकरी, पलटण, रेल्वे यांवर पोट असलेले पुष्कळ जण राजकारणापासून चार हात दूर राहत. पण टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांचा बचाव करणाऱ्या वकिलांत आपले डेव्हिड एरुलकर होते, आणि त्यांच्याच घरातले डॉक्टर अब्राहम एरुलकर पुढे गांधीजींना तपासत. तेव्हा चौपाटीवरच्या त्या पुतळ्यापुढे रविवारी भेळ खाताना काढलेले फोटो तुमच्या अल्बममध्ये असतील, तर मागे उभा आहे तो माणूस आपल्या इतिहासाबाहेरचा नाही आणि त्याला घडवणाराही नाही.

फडके आणि करमरकर यांच्यात श्रेष्ठ कोण? आमचे मत विचाराल तर तंत्रात करमरकर. घोडा ओतून दाखवणे हे पाहून-करून जमणारे काम नव्हे. त्याला लंडनच्या ओतशाळा बघितलेला माणूस हवा होता. पण शिकवणारा कोणी नसताना इतके करून दाखवणे, ही फडक्यांची बाजू. प्रत्येक अडचण त्यांना पहिल्यांदा स्वतःच सोडवावी लागली असणार. आमच्या शिक्षणाच्या काळात एखादी वॉर्डसिस्टर असायची जिला पुस्तकातले नाव सांगता यायचे नाही पण पेशंटच्या ओठांचा रंग बघून ती डॉक्टरला हाक मारायची. ती चुकत नसे.

पुण्याच्या पुतळ्याने करमरकरांना नाव मिळवून दिले, मग मोठमोठ्या माणसांचे पुतळे करण्याची कामे येत राहिली. आम्हाला मात्र त्यांचे दुसरे काम जास्त भावले, जे कोणी मागितले नव्हते. ‘शंखध्वनी’ हे त्यातले प्रसिद्ध, ‘मत्स्यगंधा’ म्हणून कोळीण आहे तीही. आणि बाकी सासवण्याच्या घरातली आणि अंगणातली मंडळी: घरची माणसे, गावची माणसे, जनावरे. पुष्कळ कामे सिमेंटमध्ये. ब्राँझ महाग, संगमरवर दुरून आणायचा; सिमेंट गावात घर बांधायला येतेच. त्यातून म्हैस केली तर ती म्हैसच. आमच्याबरोबर नेतान्याहून आलेली एक पोरगी होती, तिने आयुष्यात म्हैस जवळून पाहिलेली नव्हती. ती हात लावायला पुढे झाली आणि थबकली. खरी नाही ना, असे तिने हिब्रूत विचारले.

आम्ही पुतळे बघतो ते सवयीने नर्सच्या नजरेने. मान कशी बसली आहे, खांदे सारखे आहेत का, म्हातारपणी हाताच्या पाठीवरची कातडी जशी सैल पडते तशी पडली आहे का. मोठ्या लोकांच्या पुतळ्यांत हे सहसा सापडत नाही. तिथे छाती पुढे, नजर दूर, आणि हात एकतर उगारलेला नाहीतर पुस्तकावर. गिऱ्हाइकाला तसेच हवे असते. सासवण्याच्या घरात गिऱ्हाईक कोणी नाही. तिथली माणसे बसलेली आहेत तशी बसलेली आहेत. आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांचे फोटो आपल्याजवळ फारच थोडे आहेत, त्यातही स्टुडिओत खुर्चीला धरून ताठ उभे राहिलेले. शंभर वर्षांपूर्वी या पट्ट्यातली माणसे ओटीवर कशी टेकून बसत, लुगडे कसे खोचत, डोक्यावर ओझे असताना मान कशी धरत, हे आपल्या नातवंडांना कुठे दाखवायचे झाले तर ते इथे दाखवता येते. ती माणसे बेने इस्रायल नव्हती. पण लुगडे तेच होते, ओझे तेच, आणि चालायची वाटही तीच.

१९६२ मध्ये करमरकरांना पद्मश्री मिळाली. १३ जून १९६७ रोजी ते वारले. ती तारीख इस्रायलमध्ये वेगळ्याच कारणाने लक्षात राहते. सहा दिवसांचे युद्ध संपून तीनच दिवस झाले होते आणि आपली इथे आलेली माणसे रेडिओला कान लावून बसली होती. किहीम, आवास, नवगाव इथली कितीतरी घरे तोवर बंद झाली होती, काही विकली गेली होती. सासवण्यातले एक घर मात्र कुटुंबाने जपून ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी उघडे केले.

पुढच्या खेपेला मांडव्याला गाडी ठरवताना ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की सासवण्याला करमरकरांच्या शिल्पालयाशी थांबायचे आहे, म्हणजे तो वेग घेणार नाही. आत तासभर तरी लागतो. म्हाताऱ्या माणसांना अंगणात बसायला सावली आहे. तिथून आवास अगदी जवळ, आणि आवासकर कोणी बरोबर असतील तर पुढचा रस्ता त्यांनाच विचारा.